फोन बंद होण्याआधीचे आठ तास

लेक उद्या पहाटे निघतेय. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या हद्दीवरच्या जंगलात आठ दिवस भटकायचं, आणि भटकताना लोकांनी लपवून ठेवलेल्या डब्या शोधायच्या, असा बेत आहे. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी झाडाच्या ढोलीत किंवा दगडाआड डबी ठेवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. आपण तिथवर जायचं, डबीतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवून यायचं. बस्स, एवढंच. जीपीएसच्या संकेतात अमेरिका मुद्दाम थोडी चूक मिसळत असे. मे 2000 च्या सुरुवातीला ती काढून टाकली, आणि लगेच 3 मे रोजी ओरेगनमधल्या डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थानं रानात एक बादली ठेवून तिचा ठिकाणा जगाला कळवला. तेव्हापासून हे वेड पसरलं ते आमच्या शीव कोळीवाड्यातल्या दोन खोल्यांपर्यंत पोचलं.

चार दिवस घरात तयारी चालू आहे. हद्दीजवळ फोन कधी या देशाचा टॉवर पकडतो, कधी त्या. दऱ्यांत तर काहीच पकडत नाही. म्हणून सगळं आधीच फोनमध्ये उतरवून घ्यायचं : डब्यांचे ठिकाणे, लपवणाऱ्यानं दिलेली खूण, आधी जाऊन आलेल्यांच्या नोंदी. हे सगळं एका जीपीएक्स फाइलीत बसतं. नकाशा मात्र वेगळा उतरवावा लागतो, आणि लोक फसतात ते इथेच. उपग्रहाचा संकेत ऐकायला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे रानातही निळा ठिपका उमटतो. पण नकाशा उतरवला नसेल, तर तो ठिपका पांढऱ्या पाटीवर एकटाच बसलेला दिसतो. आपण कुठे आहोत ते अचूक कळतं आणि कुठे जायचं ते अजिबात कळत नाही.

“आणि कागदावर?” मी विचारलं.

“आई, बाबांची सव्वीस जुलै सुरू झाली बघ,” ती आत ओरडली.

सुरू झालीच आहे तर क्रमानं सांगतो. तेव्हा ती सात वर्षांची होती. तिला त्या रात्रीची एक पोपटी चादर आणि ग्लुकोज बिस्किटं एवढंच आठवतं.

मंगळवार, 26 जुलै 2005. सकाळी 8.30

वेधशाळेचा पावसाचा दिवस साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या साडेआठला संपतो. त्याच सुमाराला मी हार्बरची गाडी पकडली. स्टेशनचं नाव गुरू तेग बहादूर नगर. फाळणीनंतर इथल्या छावण्यांत पंजाबी आणि शीख कुटुंबं वसली, त्यांची ही खूण. आमच्या आईच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत ‘कोळीवाडा स्टेशन’च राहिलं. पाऊस जुलैत असतो तेवढाच होता.

शर्टाच्या खिशात मोबाइल, मोबाइलमध्ये दोनेकशे नंबर. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत त्या खिशात एक छोटी टेलिफोन डायरी असायची. मोबाइल आला तशी ती कपाटात गेली. आमच्या घरच्या आपत्तीची पहिली नोंद हीच म्हणायला हवी.

11.50

लेकीची शाळा दुपारची, चेंबूरला. शाळेचं नाव सांगत नाही, सांगून काही उपयोगही नाही. बस स्टेशनाच्या कोपऱ्यावर येई. माझी आई तिला सोडायला जायची आणि बसमधल्या ताईंशी दोन मिनिटं बोलत राहायची. कोणतं पोर कुठे चढतं, कुणाची आजी बिल्डिंगच्या खाली उभी राहते, कुणाची आई उशीर करते. घरी येऊन ते सगळं आम्हाला सांगायची. आम्ही ऐकल्यासारखं करायचो.

2.30

बॅलार्ड इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसच्या खिडकीतून रस्ता ओला दिसत होता, इतकंच. एक सहकारी म्हणाला, यंदा काही जोर नाही बुवा.

त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणू? त्या चोवीस तासांत कुलाब्याला 73 मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईकर त्याला पाऊस म्हणतही नाही. तिथून चोवीसेक किलोमीटरवरच्या सांताक्रूझला त्याच चोवीस तासांत झाला 944 मिलिमीटर. अडीच ते साडेसहा या चार तासांतच 481, आणि त्यातल्या एका तासात 190 च्या वर. शहरातली गटारं बांधली होती ती तासाला 25 मिलिमीटर पाणी वाहून नेईल या हिशेबानं, तेही ओहोटी असेल तर. ही क्षमता दुप्पट करा, असं सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल 1993 सालीच महापालिकेच्या हाती आला होता. बारा वर्षं झाली होती त्याला. माझ्या डायरीसारखीच पालिकेचीही एक वही कपाटात पडून होती.

मुंबईत तेव्हा डॉप्लर रडार नव्हतं. सांताक्रूझचा पाऊस दक्षिण मुंबईला कळायचा तो सांताक्रूझहून कुणी फोन केला तरच.

3.15

चेंबूरला पाणी वाढताना दिसलं आणि शाळेनं मुलांना लवकर सोडायचं ठरवलं. घरी कळवलं का? काही घरी कळवलं, काही घरी नाही. आमच्या घरी नाही. चांगल्या हेतूनं घेतलेला निर्णय होता, आणि त्या दिवशीचा सर्वांत वाईट निर्णयही हाच. मुलं शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर बसून राहिली असती, तर निदान ती कुठे आहेत हे तरी ठाऊक असतं. साडेतीनच्या पुढे बस निघाली. आता ती कुठे आहे हे फक्त बसला ठाऊक.

3.45

आमच्या चाळीत तळमजल्याला एक म्हातारे तांडेलकाका राहायचे. खाडी भरून टाकल्यावर होडी गेली, तांडेल हे नाव तेवढं उरलं. घड्याळ बघण्याआधी तिथी बघणारा माणूस. भरतीचा त्यांचा हिशेब सोपा असे : तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती वेळ.

उंबऱ्यात पाणी लागलं तेव्हा ते आईला म्हणाले, “वहिनी, पुनव होऊन पाच दिस झाले. पाच पाऊण पावणेचार. आता दर्या भरलेला हाय, वरचं पानी खाली जायाचं नाय. पोरीची बस कुठवर आली?”

गुरुपौर्णिमा 21 तारखेला होऊन गेली होती. गणित चोख होतं. त्या दुपारची भरती जवळजवळ साडेचार मीटरची होती. मिठी नदी विहार आणि पवईच्या सांडव्याचं पाणी घेऊन कुर्ल्याकडून माहीमच्या खाडीला येते, आणि खाडीचं तोंड त्या वेळी समुद्रानंच बंद केलं होतं. हे सांगायला तांडेलकाकांना ना टॉवर लागला, ना वीज. त्या दिवशी आमच्या चाळीत बरोबर निघालेली हवामानाची एकमेव माहिती डोक्यात साठवलेली होती, आणि ती ज्याला उपयोगी पडली असती तो बसचा ड्रायव्हर तीन किलोमीटर दूर होता.

4.10

बस एव्हरार्ड नगरच्या अलीकडे थांबली. इंजिनात पाणी गेलं. आत अकरा मुलं, ताई आणि ड्रायव्हर. हे आम्हाला कळलं तेरा तासांनी.

4.40

घरी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बायको दादरला बँकेत. तिचाही नाही. मग माझ्या फोनवरच्या त्या लहान काड्या एकेक करून मावळल्या. त्या संध्याकाळी सुमारे 50 लाख मोबाइल आणि एमटीएनएलचे 23 लाख फोन चार तासांहून जास्त काळ कोलमडले. मला तेव्हा वाटलं, फक्त माझाच फोन बिघडलाय. मी तो बंद करून पुन्हा चालू केला. माझ्यासारखे लाखो लोक त्याच मिनिटाला तेच करत होते.

खाली पानवाल्याच्या पीसीओवर रांग लागली होती. तिथला वायरचा फोन अजून चालत होता. माझा नंबर आला, रिसीव्हर उचलला आणि लक्षात आलं की घरचा सोडून एकही नंबर मला पाठ नाही. घरचा लागेना. शाळेचा? मोबाइलमध्ये. बसवाल्याचा? मोबाइलमध्ये. बायकोच्या बँकेचा? मोबाइलमध्येच. मोबाइल उघडून एकेक नंबर बघून लावायचं सुचलं खरं, पण तोवर बॅटरीची शेवटची काडी लुकलुकत होती. शाळेचा नंबर शोधता शोधता पडदा काळा झाला. मागचा माणूस म्हणाला, साहेब, करताय का पुढे?

ते “करताय का पुढे” अजून कानात आहे.

5.20

छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाड्या उभ्या होत्या आणि माणसं बसून होती. सगळी एकमेकांना गाडीचं विचारत होती, कुणालाच काही सांगता येत नव्हतं. त्या रात्री सीएसटी आणि चर्चगेटला दीड लाख माणसं अडकली असा आकडा नंतर वाचला. मी चालायला लागलो.

सीएसटी ते शीव सरळ रस्ता आहे : भायखळा, लालबाग, परळ, हिंदमाता, दादर टीटी, किंग्ज सर्कल. लालबागचा लांबलचक पूल तेव्हा झालेला नव्हता. इंग्रजांनी किल्ल्यातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर मोजत मैलाचे दगड लावले होते. त्यांतले काही तेव्हाही मुंबईच्या पदपथांत निम्मे गाडलेले होते. रोज त्यांच्यावरून जाणाऱ्यांना दिसत नसत. लेकीला मी नेहमी सांगतो, तुझ्या खेळाचा मूळपुरुष हा दगड. ना बॅटरी, ना सदस्यत्वाची फी, आणि पाण्यात बुडाला तरी पाणी ओसरल्यावर अंतर तेच सांगतो.

7.00 ते 10.45

हिंदमाताला कमरेएवढं पाणी. ते नवं नव्हतं, हिंदमाता थोड्या पावसानंही भरतं. नवं होतं ते गांधी मार्केटपाशी. तिथे पोरांनी दिव्याच्या खांबापासून खांबापर्यंत दोर बांधला होता, आणि एकेकाला हात देऊन पलीकडे नेत होते. उघड्या मॅनहोलपाशी एक मुलगा काठी रोवून उभा होता. तो रात्रभर तिथेच उभा होता म्हणतात. अशी माणसं त्या रात्री चौकाचौकात होती. कुणी वडापाव वाटत होतं, कुणी चहा. मुंबईच्या स्पिरिटचे गोडवे पुढे इतके गायले गेले की त्या पोरांची आठवण काढायलाही आता अवघड वाटतं. त्यांना कुणी कौतुकासाठी उभं केलं नव्हतं. रस्ता कुठे खचलाय हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्हाला नव्हतं, म्हणून ते तिथे उभे होते.

शीव म्हणजे वेस. मुंबई बेट इथे संपायचं आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची. अजूनही टॅक्सीचं राज्य इथवरच, पुढे रिक्षा. बेस्टची वीजही साधारण इथवरच. त्या रात्री वेशीचा अर्थ पायांना कळला. अलीकडे माणसं भिजून घरी पोचत होती. पलीकडे कुर्ला आणि कालिना पाण्याखाली होते.

घरी पावणेअकराला पोचलो. बायको आधीच चालत आली होती. दारात आई, पायरीवर तांडेलकाका. कुणी काही बोललं नाही. लेक दिसत नव्हती म्हणून मी आत डोकावलो, तसं आई म्हणाली, “नाही आली रे.”

मध्यरात्र

बायकोनं कपाट उपसलं. डायरी सापडली. शाळेच्या बसची पावतीही सापडली, तिच्यावर बसवाल्याचा नंबर. कागद कोरडा, अक्षर ठळक. पण आता आमचा फोन मुका झाला होता. सातेक तासांपूर्वी माझ्याजवळ चालू फोन होता आणि नंबर नव्हता. आता नंबर होता आणि फोन नव्हता. मी ती पावती हातात घेऊन कॉटवर बसून राहिलो.

आई तेव्हा म्हणाली, “बस पहिल्यांदा डायमंड गार्डनला दोन पोरं उतरवते. मग पुढे त्या शेट्टींच्या मुलीला. मग चुनाभट्टीचा वळसा. तिथे तिघं उतरतात, त्यातल्या एकाची आजी खाली उभी असते, पिवळ्या बिल्डिंगीत, दुसऱ्या मजल्यावर. शेवटी आपल्याकडची सगळी. बस अडकली तर ताई पोरांना त्या आजीकडेच नेईल. तिला दुसरं कोण माहीत आहे?”

आम्ही कधी न ऐकलेला बसचा सगळा मार्ग तिच्या तोंडात होता. थांबे, खुणा, कोण कुठे राहतं, वेळ आली तर कुणाकडे जायचं. जिओकॅशच्या नोंदीत आज लेक जे जे उतरवून घेते, नेमकं तेच.

27 जुलै, पहाटे 5.20

पाणी गुडघ्यापर्यंत उतरल्यावर मी आणि तांडेलकाकांचा मुलगा निघालो. पिवळी बिल्डिंग सापडली. दुसऱ्या मजल्यावर हॉलमध्ये अकरा मुलं ओळीनं झोपली होती. माझी पोपटी चादरीत. ताई भिंतीला टेकून जागी.

त्या घरच्या आजींनी कॅलेंडरचं जुलैचं पान फाडून त्याच्या मागे प्रत्येक मुलाचं नाव, पत्ता आणि नंबर लिहून घेतला होता. मला दाखवत म्हणाल्या, “रात्री दीडला फोन जरा वेळ सुरू झाला होता. सगळ्यांकडे लावून बघितला. तुमच्याकडे दुसऱ्याच कुणी उचलला, झोपमोड झाली म्हणून चिडला.”

मी पान पाहिलं. लेकीनं नंबर सांगितला होता, फक्त शेवटचे दोन आकडे उलटे.

त्यानंतर

सकाळी साडेआठला सांताक्रूझच्या वेधशाळेत दिवस संपला आणि 944 हा आकडा नोंदला गेला. विहार तलावापाशी तर 1000 च्या वर. विमानतळ तीस तासांहून जास्त बंद राहिला. राज्यात त्या पुरात हजाराहून अधिक माणसं गेली. माधवराव चितळे यांच्या समितीनं पुढे सगळं तपशिलानं मांडलं. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकं बसली, काही वर्षांनी रडार आलं. 28 तारखेच्या रात्री जुहूच्या नेहरूनगरात पाण्याची लाट येते आहे अशी आवई उठली आणि चेंगराचेंगरीत किमान 18 जण मेले. खरी बातमी दोन दिवस रांगत येत होती, खोटी मिनिटात पोचली. त्या आठवड्यातली मला सर्वांत भयंकर वाटलेली गोष्ट हीच, आणि तिच्यात पावसाचा एक थेंबही नव्हता.

तर एवढं सगळं लेकीला पुन्हा ऐकवलं. ती ऐकून घेते, कारण खेळानं तिलाही एकदा धडा दिलाय. कॉलेजात असताना तिला शीवच्या किल्ल्यावर स्वतःची डबी लपवायची होती. सतराव्या शतकातला, जेरार्ड ऑन्जिअरच्या काळातला किल्ला, पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचं कार्यालय. मी म्हटलं, परवानगीशिवाय तिथे दगड हलवू नकोस, आणि मुंबईत बेवारस डबा ठेवलास तर शोधायला आधी बॉम्बशोधक पथक येईल. डबी राहिली. पण तिनं किल्ल्याचा ठिकाणा मैत्रिणीला पाठवला होता. रेखांश 72 अंश 52 मिनिटं. मैत्रिणीनं फोनमध्ये टाकलं 72.52. मिनिटं साठ असतात, दशांश शंभर. 72 अंश 52 मिनिटं म्हणजे 72.867. एका टिंबानं किल्ला छत्तीसेक किलोमीटर पश्चिमेला, भर अरबी समुद्रात गेला. तेव्हापासून ती प्रत्येक ठिकाणा दोन्ही पद्धतींनी लिहिते.

काल रात्री अकराला तिनं माझ्यासमोर फोन विमानात ठेवतात तसा बंद केला, म्हणजे नेटवर्क तोडलं, आणि एकेक डबी उघडून पाहिली. तीन डब्यांच्या खुणांचे फोटो उघडेनात. ते उतरलेच नव्हते. जर्मनीच्या बाजूचा नकाशा होता, स्विस बाजूचा अर्धाच. ते तिनं पुन्हा उतरवलं आणि पुन्हा तपासलं. मग कुरकुरत एक कागद घेतला. रोजच्या मुक्कामाचा पत्ता, डब्यांचे ठिकाणे, शेवटची बस किती वाजता सुटते, सगळं बारीक अक्षरात लिहिलं. घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पासपोर्टामागे ठेवला.

आज संध्याकाळी तिनं तो मला तपासायला दिला. अक्षांश बरोबर, रेखांश बरोबर, बसच्या वेळा बरोबर. सगळ्यात खाली तिनं घरचा नंबर लिहिला होता, न बघता, पाठ आहे म्हणून.

शेवटचे दोन आकडे उलटे होते.